अप्पांचं रान आणि माझं शहर

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या बुडाखाली देवानं मुंग्या सोडल्यात. बसची वाट बघायची म्हटलं तर मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत सुटते, आणि बस मधल्यामध्ये निघून जाते. फोनवर बोलताना घरभर येरझाऱ्या घालते. अशा पोरीला वर्षभर घरात बसवलं तर काय होतं, ते मी भोगलंय. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. धारवाडात, माळमड्डीत, आमच्या राहत्या घरी.

माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, सर्व्हे खात्यात होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. अळणावर, कलघटगी, कुठल्या कुठल्या खेड्यांतून मोजणीची साखळी घेऊन उन्हातान्हात फिरले. रिटायर झाले आणि वर्ष व्हायच्या आत अंगाची डावी बाजू गेली. हात गेला, पाय गेला. मग औषधं, तेल, व्यायाम असं करत करत पाय बराचसा परत आला. काठी घेऊन ते बाहेरच्या खोलीतून मागच्या नळापर्यंत जायचे-यायचे. डॉक्टर म्हणाले, आता घरात नको, रस्त्यावर चाला, जितकं चालाल तितकं बरं.

एकदा गेले. गेटच्या बाहेर चार पावलं टाकली असतील नसतील, समोरच्या अक्का भाजी निवडता निवडता उठल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाप! हेंगिद्रु, हेंग आग्यार नोड्री." बिचारे, कसे होते आणि कसे झालेत बघा. मनानं चांगली बाई, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं तिच्या. मागून पेपरवाल्यानं सायकल थांबवली, कोपऱ्यावरचे मास्तर हात धरायला धावले. अप्पा तिथल्या तिथं वळले, आत आले, आणि त्यानंतर गेटकडं फिरकले नाहीत. भेटायला येणाऱ्यांची तर रीघच लागली होती. प्रत्येकाच्या हातात मोसंबी, तोंडात तेच. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं. नाही गेलं तर लोक बोलतात.

मला त्याच वर्षी पुण्याला नोकरी लागली होती. कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, मुलाखत झालेली, ये म्हणाले होते. आई शाळेत शिकवायची, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. अप्पांजवळ कोण? मी. मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, अप्पा बाहेर चालायला लागले की निघणार. पुण्याच्या ऑफिसला सांगितलं, मावशीला सांगितलं, दूधवालीनं विचारलं नव्हतं तरी तिला सांगितलं. त्यामुळं माझं सगळं लक्ष त्या गेटकडं. अप्पा कधी बाहेर पडतात आणि मी कधी सुटते.

हुबळीला कमरीपेठेत माझ्या मामेभावाचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणून बाहेरच्या खोलीत बसवला आणि दोन गेम घालून दिले. मला म्हणाला, "अक्का, वेळ जाईल तुझा. दोन्हींत कुठंही फिरता येतं, कुणी अडवत नाही." कुठंही फिरता येतं म्हटल्यावर मी काय सोडते?

पहिला गेम शहराचा. परदेशातलं शहर, समुद्र, माडाची झाडं, उंच इमारती. रस्त्यानं जाणारी कुठलीही गाडी थांबवायची, आतल्या माणसाला ओढून बाहेर काढायचं आणि आपण बसून सुटायचं. मागं पोलीस लागतात, लागू देत. फुटपाथवर चढव, बागेतून घाल, पाण्यात उडी टाक. गाडीत रेडिओ चालू. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी त्या शहरात मोटरसायकल हाणली तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आमच्या खऱ्या स्टेशन रोडवर मी सायकलसुद्धा दबकत चालवायची, आणि इथं बघा. आईनं एकदा मागून बघितलं आणि म्हणाली, "अगं अगं, ती म्हातारी!" तोवर म्हातारी आडवी झाली होती.

दुसरा गेम रानाचा. जुना काळ, तलवारी, घोडे, मोडकी देवळं, डोंगर. एका होडीतून तुम्हाला किनाऱ्यावर उतरवतात, हातात एक चिठ्ठी देतात आणि जा म्हणतात. कुठं जा? काय करू? काही नाही. मी चालले, चालले, एक ओढा आला, एक हरीण आलं, एक माणूस आला त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाठीमागं कुणी लागेना. अर्ध्या तासात मला असा कंटाळा आला की मी उठून भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली.

पण कॉटवर पडलेले अप्पा उठून बसले होते. "थांब. ते मागं काय दिसलं? टेकडी ना? तिकडं चल."

तिथून सुरुवात झाली. त्या गेममध्ये डाव्या हातानं बटणं दाबून चालायचं असतं आणि उजव्या हातानं माउस फिरवून बघायचं असतं. अप्पांचा डावा हात कामाचा नाही. म्हणून मी बटण दाबायची आणि ते माउस फिरवायचे. मी पाय, ते डोळे. काय सांगू ते हाल! मला धावायचं असायचं आणि ते म्हणायचे, हळू. मला गावात शिरायचं असायचं आणि ते झाडाच्या बुंध्यापाशी थांबून आजूबाजूला बघत बसायचे. "सूर्य इकडनं उगवला. म्हणजे ही पूर्व. तो मघाचा माणूस उत्तर म्हणाला ती उत्तर नव्हेच. गाढव आहे."

त्या गेममध्ये वाट दाखवायला बाण नव्हता. शहराच्या गेममध्ये कोपऱ्यात नकाशा, त्यावर ठिपका, डोळे झाकून जा. इथं लोक तोंडी सांगायचे, पुलावरून पलीकडं जा, मोठ्या दगडापाशी उजवीकडं वळ, ओढा डाव्या हाताला ठेव. मला हे वाचूनच झोप यायची. अप्पांचं उलटं. खेड्यांत लोक असंच सांगतात की. जन्मभर त्यांनी असल्याच सांगण्यावरून वाटा काढल्या होत्या. मोठा दगड सापडला की ते मांडीवर थाप मारायचे, जणू हद्दीचा दगडच सापडला.

मी लहान असताना, नव्वदच्या आसपास, अप्पा मला एकदा मोजणीला घेऊन गेले होते. मोटरसायकलच्या टाकीवर बसवून अळणावरच्या पुढच्या एका गावी. दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडत होते. दोघं एकदम बोलायला लागले, बायका बोलायला लागल्या. अप्पा कुणाचंच ऐकेनात. म्हणाले, "मुंद नोडूण." पुढं बघू. आणि सरळ शेताच्या कडेनं चालायला लागले. त्यांची पद्धतच ती, आधी सगळी हद्द पायाखालून घालायची, मग आत शिरायचं आणि मग तोंड उघडायचं. अख्खं गाव त्यांच्या मागून चाललं होतं, मी चिखलात चप्पल सोडून पळत होते, आणि माझे अप्पा सगळ्यांच्या पुढं. मला इतका अभिमान वाटला होता की मी घरी येऊन आईला तेच तेच सांगत बसले.

तर आता गेममध्येही तेच. कामगिऱ्या नकोत, खजिना नको, राक्षस तर नकोच नको. आधी हद्द. किनाऱ्याकिनाऱ्यानं सगळं बेट फिरायचं. रोज दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं चालायला निघायचो. मी खुर्चीत चुळबुळ करायची, एक पाय खाली, एक वर, मधेच उठून पाणी प्यायची. अप्पा म्हणायचे, "पाय कुठं गेले माझे?" मग मी परत येऊन बटण दाबायची. पुढं पुढं माझ्या उठण्याला कंटाळून ते स्वतःच डाव्या हाताची बोटं त्या बटणावर ठेवायला लागले. आधी हात घसरायचा. मग राहायला लागला. मग बटण दाबलं जायला लागलं. व्यायाम करवून घ्यायला येणारा पोरगा म्हणाला, हे उत्तम आहे, चालू ठेवा. आईनं त्या दिवशी शिरा केला.

आणि मी? मी खूश. वाटलं, आता काय, बोटं आली म्हणजे पायाला जोर येईल, जोर आला की गेट, गेट झालं की पुणे. मूर्ख मी. महिना गेला, दुसरा गेला. अप्पा रानात फिरत होते आणि गेटला गंज चढत होता. एके दिवशी ते समुद्राकडच्या शेवटच्या टोकाला पोचले. पुढं पाणी, पण पाण्यात जाता येईना. मधे काही नाही आणि तरी अडतंय. अप्पांना केवढा आनंद! "ही खरी हद्द," म्हणाले. मग खुर्चीत मागं रेलून त्यांनी उजव्या हातानं गुडघे चोळले. "आज फार चाललो गं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुठं चाललात? कुठं चाललात अप्पा? खुर्चीतनं उठला नाहीत सकाळपासून!"

 ते कॉम्प्युटरकडंच बघत राहिले. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त होता. मला कळून चुकलं होतं की त्या रानानं त्यांची चालायची भूक भागवली होती. तिथं त्यांची दोन्ही पावलं सारखी पडत होती. तिथं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मग ते खऱ्या रस्त्यावर कशाला जातील? आणि मग मी कशी जाणार?

दुसऱ्या दिवशी मी चिडून माझा शहराचा गेम लावला आणि म्हटलं, "आज हे. रान बंद." गाडी चालवायला उजव्या हाताची बाणांची बटणं पुरत होती. गाडी मी चोरून दिली, कारण अप्पांनी दुसऱ्याच्या गाडीला हात लावायला साफ नकार दिला. मग चालवायला लागले. आणि पुढं काय केलं असेल? लाल दिवा लागला, थांबले.

"अप्पा, चला की! गेम आहे हा!"

"लाल आहे."

मागं गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. हिरवा झाला, निघाले. पुढचा लाल, परत थांबले. मी डोकं धरून बसले. त्या शहरात माझ्याआधी आणि नंतर कुणी सिग्नल पाळला असेल असं मला वाटत नाही. शेवटी कंटाळून ते गाडीतून उतरले, गाडी नीट कडेला लावून, आणि फुटपाथवर चालायला लागले. समोरून एक जाडा माणूस आला, धाडकन् यांना धडकला आणि इंग्रजीत खेकसला, आंधळा आहेस का, बघून चाल!

अप्पा थबकले. मग हसायला लागले. आजारपणानंतर त्यांचं तोंड जरा वाकडं झालं होतं, हसू एका बाजूलाच यायचं, पण ते हसत राहिले, खोकला येईपर्यंत.

"काय झालं हसायला?"

"मला शिवी दिली त्यानं," अप्पा म्हणाले. "किती दिवसांत मला कुणी शिवी दिली नाही. सगळे नुसते मोसंबी देतात."

त्यानंतर त्यांना रोज थोडा वेळ शहर हवं असायचं. गाडी नको, बंदूक नको. फुटपाथवरून चालायचं, गर्दीत शिरायचं, धक्के खायचे, बोलणी खायची. मी विचारलं, "रान बरं की हे बरं?" तर म्हणाले, "रानात बरं वाटतं. पण तिथं जाऊन परत यावंसं वाटत नाही. इथं डोकं उठतं, पण माणसात असल्यासारखं वाटतं." मला पटलं. रानात तुम्ही असा नसा, ओढा वाहतोच आहे, हरीण चरतंच आहे. शहराला मात्र तुम्ही मधे आलेले चालत नाही, ते लगेच अंगावर येतं. मला तेच अंगावर येणं आवडायचं. फक्त मी गाडीत बसून मजा घेत होते आणि ते पायी.

पण सर्व्हेवाला माणूस. गप्प बसेल तर शपथ. एक दिवस मी खेळत होते तर मागून म्हणाले, "एक विचारू? तू रोज या एवढ्याच रस्त्यांतून फिरतेस. त्या पुलापलीकडं शहराचा निम्मा भाग आहे. तिकडं कधी जात नाहीस?"

"पूल बंद असतो. कामं पुरी केली की उघडतो."

"मग करत का नाहीस?"

"मला नाही आवडत ती कामं. मला नुसतं फिरायचं असतं."

"एवढ्यातच?"

मला का कोण जाणे, असा संताप आला की मी कॉम्प्युटरच बंद केला आणि गिरणीत दळण टाकायला गेले. पिठाचा डबा अर्धा भरलेला होता, तरी गेले.

आता एक गोष्ट सांगते, ती मला त्या वेळी नीट दिसली नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यात अप्पा एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत जाऊ या का?" ज्या वाक्यासाठी मी वर्ष काढलं होतं, तेच वाक्य. आणि मी काय म्हटलं? "आज नको अप्पा, ढग आलेत." दोन दिवसांनी परत विचारलं, तेव्हा मी म्हटलं ऊन फार आहे. मग म्हटलं रस्ता खणलाय, पडाल. रस्ता खणला होता हे खरं होतं, पण आमच्या बाजूला नव्हता. पुण्याहून फोन आला, पुढच्या सोमवारी हजर व्हा नाहीतर दुसरं कुणी घेऊ. मी म्हटलं, कळवते. अप्पा आतल्या खोलीत पडले होते. मला वाटलं झोपलेत.

गुरुवारी सकाळी मी बँकेत गेले. परत आले तर बाहेरच्या खोलीत खुर्ची रिकामी. कॉटही रिकामी. मागं नळाकडं नाहीत, न्हाणीत नाहीत. कोपऱ्यातली काठी नाही. मी बाहेर आले तर गेट सताड उघडं. समोरच्या अक्का म्हणाल्या, "ईग होद्रल्ल!" आत्ताच गेले की. कुठं गेले? ते काही सांगून गेले नव्हते. "नान केळिदे, मातऽ आडलिल्ल," मी विचारलं पण बोललेच नाहीत, म्हणाल्या. मी धावत सुटले. मारुतीच्या देवळात बघितलं, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडं बघितलं, रेल्वे स्टेशनच्या बाजूला गेले, परत आले, दुसऱ्या बाजूला गेले. चपलेचा अंगठा तुटला तशीच फरपटत गेले. डोळ्यांसमोर नको नको ते. पडले असतील, लोक गोळा झाले असतील, कुणीतरी तोंडावर पाणी मारत असेल. रडत, चिडत, देवाला आणि अप्पांना एकाच दमात बोलत मी घरी परतले, आईच्या शाळेत फोन करावा म्हणून. तर गेटपाशी रिक्षा उभी आणि अप्पा उतरतायत. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. रिक्षावाला हात द्यायला गेला तर म्हणाले, "बेडप्पा, बरतद ननग." नको बाबा, येतं मला.

मी रस्त्यातच सुरू झाले. "कळतं का तुम्हाला काही? पडला असतात तर? सांगून जायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ढग आले असते," अप्पा म्हणाले आणि पायऱ्या चढून आत आले. खुर्चीत बसले, जरा दम खाल्ला. मग त्यांचा चेहरा फुलला. "जाताना चालत गेलो. पार बसस्टँडपर्यंत. सर्कलपाशी एक रिक्षावाला काय ओरडला माहिती? ए अज्जा, कण्ण काणंगिल्लेनु! आजोबा, डोळे दिसत नाहीत का म्हणे! मी पण सोडला नाही त्याला. अशी शिवी घातली म्हणतेस!"

मी पाणी दिलं. ते प्यायले, आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. पुण्याच्या गाडीचं तिकीट. एकच. माझ्या नावाचं, खिडकीपाशी.

"उद्याचं आहे," म्हणाले. "शनिवारचंही मिळत होतं. पण शनिवारपर्यंत तू आणखी काहीतरी काढशील."

माझे पाय जागचे हलेनात. वर्षभर जे पाय मी ओढून धरले होते ते पाय. तिकीट हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. "आणि तुमचं कोण बघणार?" असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते घामानं भिजून, रिक्षावाल्याशी भांडून, एकटे जाऊन एकटे आलेले माझ्यासमोर बसले होते. ते वाक्य आता कुठल्या तोंडानं म्हणणार? मग जे खरं होतं ते बाहेर पडलं.

"मला नाही जायचं अप्पा," मी म्हटलं. "मला भीती वाटते. तिथं माझं कोणी नाही." आणि रडायला लागले, लहान पोरीसारखी, हुंदके देऊन.

अप्पांनी मला रडू दिलं. गप्प बस म्हणाले नाहीत, जवळही घेतलं नाही.

"मग मला काय हौस होती होय जायची?" ते म्हणाले. "वाटेवर तो नारळवाला बसतो ना, तिथपर्यंत भीतीच वाटत होती मला. दोनदा परत फिरलो."

मग ते सँडल काढायला खाली वाकले. डाव्या पायाचं बक्कल अडकलं होतं, डाव्या हाताची बोटं नुसती त्यावरून सरकत होती. मी सवयीनं खाली बसले आणि हात पुढं केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात मागं घेतला, उठले, आत गेले आणि स्टूल ओढून माळ्यावरची बॅग खाली काढली. बाहेरच्या खोलीतून अप्पा त्या बक्कलला कन्नडमध्ये शिव्या देत असलेले बराच वेळ ऐकू येत होते.